बळद, माळा आणि पाण्याचे पिंप

सोलापुरात भाड्याचे घर बघायला गेलेला माणूस खोल्या मोजण्याआधी विचारतो : पाणी किती दिवसांआड येतं, आणि हौद आहे का? शहराचे बरेचसे पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून, सुमारे शंभर किलोमीटरवरून येते. धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा जलाशय मैलोन्‌मैल पसरलेला आहे. तरीही शहरातल्या नळाला गेली कित्येक वर्षे तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी सुटत आले आहे. त्यामुळे घरात जागा कशी काढायची हा विषय इतर गावांत कपड्यांच्या कपाटापासून सुरू होत असेल, आमच्याकडे तो पिंपापासून सुरू होतो.

साधा हिशोब मांडून पाहू. घरात पाच माणसे. आंघोळ, धुणे, भांडी, स्वयंपाक, संडास हे सगळे काटकसरीने धरले तरी माणशी रोजचे ७० लिटर होतात. पाच दिवसांचे झाले १,७५० लिटर. २०० लिटरचे निळे पिंप साधारण दोन फूट रुंद असते, म्हणजे अशी नऊ पिंपे लागली. एकेका पिंपाला चार चौरस फूट जागा धरली तर ३६ चौरस फूट नुसत्या पाण्याला गेले. घर तीनशे चौरस फुटांचे असेल तर त्याचा जवळजवळ आठवा हिस्सा. हा आठवा हिस्सा घराच्या नकाशात कुठेही दाखवलेला नसतो. मग पिंपे न्हाणीत शिरतात, जिन्याखाली जातात, गॅलरीत रांगेने उभी राहतात आणि शेवटी पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसतात.

गॅलरीतल्या रांगेची मला काळजी वाटते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. भरलेले पिंप २०० किलोंचे. राहत्या घराची स्लॅब सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून काढलेली असते आणि भरलेली पिंपे एकमेकांना चिकटून उभी केली की त्या जागेवर त्याच्या जवळपास तिप्पट भार पडतो. हिशोबात थोडी पुढची सोय ठेवलेली असते, त्यामुळे स्लॅब लगेच खाली येत नाही. पण वर्षानुवर्षे असा भार राहिला तर ती वाकते, तडे जातात, आणि तड्यातून पाणी झिरपून आतली सळई गंजायला लागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पिंपे खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीच्या बाहेरच्या काठाला ठेवू नयेत. ज्या भिंतीखाली तुळई आहे तिच्या कडेने, एकाच रांगेत ठेवावीत. तळमजल्यावर मात्र पिंपांचा संसार मांडण्यापेक्षा अंगणात जमिनीखाली हौद काढणे केव्हाही चांगले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर खोल हौदात ते सगळे १,७५० लिटर पाणी मावते, वरची जागा मोकळी राहते आणि उन्हाळ्यात पाणी गार असते.

पिंपांची दुसरी अडचण जागेची नाही, वेळेची आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे महापालिकेचे कर्मचारी दारोदार सांगत फिरतात ते यासाठी. आता घरात काय होते बघा. पाणी येते तेव्हा प्रत्येक पिंपात थोडे जुने पाणी शिल्लक असते. पाणी फेकायचे कसे, म्हणून आपण त्याच्यावरच नवे भरतो. असे पिंप महिनोन्‌महिने तळापर्यंत रिकामे होतच नाही. शिवाय एडीसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, कड घासावी लागते. उपाय एकच : पिंपांवर रंगाने आकडे घालायचे आणि क्रमाने वापरायचे. एक नंबरचे तळाला गेल्याशिवाय दोन नंबरच्या झाकणाला हात लावायचा नाही. नवे पाणी आले की जे पूर्ण रिकामे झाले आहे ते घासून त्यात भरायचे. नऊ पिंपे असली तरी डासाला आठ दिवस एका जागी मिळत नाहीत.

आधी आलेले आधी जायला हवे, हा या सगळ्याचा गाभा आहे. मला वाटते घरातल्या साठवणीबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. घर भरते ते वस्तू जास्त झाल्याने भरतेच, पण त्याहून जास्त ते वस्तू थांबल्याने भरते. आणि वस्तू थांबू नये याची सोय आपल्या भागातल्या जुन्या घरांनी भिंतीतच करून ठेवली होती.

सोलापूर जिल्ह्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. पांढऱ्या मातीच्या किंवा दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागवानी नाहीतर बाभळीचे खांब, त्यावर तुळया, किलचण म्हणजे लाकडी कामट्यांचा थर, आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. पाऊस कमी, ऊन कडक, म्हणून हे छप्पर इथे चालते. कोकणात एका पावसाळ्यात वाहून जाईल. एवढी जाड भिंत असली की तिच्या पोटात काय काय मावते! दिव्यापुरती देवळी, तेला-मिठापुरता कोनाडा, लाकडी फळ्या आणि दारे लावलेले फडताळ. जमिनीची एक वीतही न खाता एका खोलीला सात-आठ ठेवण्या मिळत. शिवाय खुंट्या, कपड्यांची दांडी आणि तुळईला टांगलेले शिंके. दूध-दही शिंक्यावर का? मांजर आणि मुंग्या हे एक कारण, आणि वाऱ्याला राहते हे दुसरे.

सगळ्यांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे बळद. खोलीचा एक कोपरा आडवी भिंत घालून अडवायचा किंवा दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवायची, आतून शेणमातीने नीट लिंपून घ्यायचे आणि वर, हात पोहोचेल अशा उंचीवर किंवा थेट माळवदातून, भरायला तोंड ठेवायचे. खाली जमिनीलगत मूठ जाईल एवढे भोक. त्या भोकात चिंध्यांचा बोळा किंवा लाकडी दट्ट्या. सुगी झाली की वरून ज्वारी ओतायची, वर पाला घालून तोंड लिंपून टाकायचे. रोज दळणापुरती ज्वारी काढताना बोळा ओढायचा, खाली सूप धरायचे. दाणे घरंगळत येतात, सूप भरले की बोळा परत आत. घरातली म्हातारी माणसे दाण्यांच्या धारेच्या आवाजावरून आत किती शिल्लक आहे ते सांगत. वरून भरायचे आणि खालून काढायचे, त्यामुळे जुने धान्य तळाला राहून सडण्याचा प्रश्नच आला नाही. कुणी शिस्त पाळायची गरज नव्हती, भिंतच ती पाळत होती. तुराट्यांच्या किंवा निर्गुडीच्या फोकांच्या विणलेल्या कणगीलाही खाली असेच तोंड असे.

बळद घरापुरते. त्याहून मोठा साठा पेवात. जमिनीत खोदलेला, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. तळाला आणि कडेला कडबा-भुसा घालून धान्य भरायचे आणि तोंड मातीने बंद करायचे. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेत राहतात, आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. औषध नाही, धूर नाही. आज हवाबंद प्लास्टिकच्या थैल्यांत धान्य टिकवण्याचे जे तंत्र जगभर सांगितले जाते त्याचे मर्म हेच आहे. याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतते. आधी तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, अशी रीत होती आणि ती मोडणाऱ्यांचे प्राण गेले आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे अशीच प्रसिद्ध. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तोवर २००५ च्या महापुराने हरिपूरच्या पेवांचे फार मोठे नुकसान करून टाकले होते.

आमच्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीचे कोठार म्हणून ओळखली जाते. या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन आहे. त्याच मंगळवेढ्यात बहामनी राजवटीत दामाजीपंत होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. साठवण ही शेवटी बाहेर काढण्यासाठी असते, हे या मुलखाला दुष्काळाने फार जुन्या काळी शिकवले आहे.

जुन्या घराचे एवढे गुण गायल्यावर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हादरे सोलापुरातही बसले. लातूर-उस्मानाबाद भागातल्या ज्या घरांत हजारो माणसे गाडली गेली ती याच पद्धतीची होती : मातीत रचलेले गोल दगड, जाड पण एकसंध नसलेल्या भिंती आणि वर टनावारी माती. त्यानंतर या पट्ट्यात ज्याला जमेल त्याने पत्रा नाहीतर स्लॅब घातला आणि ते योग्यच झाले. मात्र भिंत दोन फुटांवरून चार-सहा इंचांवर आली तेव्हा तिच्या पोटातला कोनाडा, फडताळ, बळद सगळे गेले. माणसाचे सामान मात्र तेवढेच राहिले, खरे तर वाढलेच. ते सगळे आता जमिनीवर उतरले.

कोनाड्याची जागा कपाटाने घेतली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कोनाडा वीतभर खोल असे. त्यात एका मागे एक अशा दोन वस्तू राहतच नसत. जे ठेवले ते समोर. आता सोलापुरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकून बघा. कडप्प्याचे दोन खण, दोन फूट खोल. ओटा दोन फुटी म्हणून खणही दोन फुटी, एवढेच त्याचे कारण. पुढच्या रांगेत रोजचे डबे, मागच्या रांगेत गेल्या वर्षीची कसली तरी डाळ, अर्धा किलो साबुदाणा, लग्नात आलेला थर्मास आणि एक झाकण ज्याचा डबा सापडत नाही. मागची रांग बघायची तर गुडघ्यावर बसून पुढची सगळी बाहेर काढावी लागते, म्हणून ती कुणी बघत नाही. डाळ संपली असे समजून नवी आणली जाते आणि जुनीला मागे जाळी धरते. घरातली अर्धी जागा खाणारा हा मागचा फूट आहे.

नवीन ओटा करणार असाल तर खालचे खण कडप्प्याचे न करता ओढायचे ट्रे करावेत, म्हणजे मागचा फूट पुढे येतो. जुना कडप्पा काढणे परवडत नसेल तर प्रत्येक खणात दोन फूट लांब, अरुंद, पसरट पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे खोकेवजा ट्रे ठेवावेत. ट्रे ओढला की मागचा डबाही बाहेर. हे काम अगदी थोड्या पैशांत होते. आणि कोनाडा परत हवा असेल तर दाराच्या मागच्या भिंतीवर फक्त पाच इंच खोलीची, खालपासून वरपर्यंत फळ्यांची मांडणी करावी. सात फूट उंच आणि अडीच फूट रुंद अशा मांडणीत नऊ-दहा फळ्या बसतात. एका फळीवर चार इंची बरण्या सात बसतात. साठ-सत्तर बरण्या, सगळ्या तोंडासमोर, आणि खोलीची जागा गेली ती सव्वा चौरस फुटाच्या आत. फक्त दार पूर्ण उघडते ना, हे आधी मोजून घ्यावे. भिंत फोडून कोनाडा काढायचा मोह मात्र टाळावा. आजच्या इमारतीत ती जाडी नाही, आणि खांब-तुळईला छिन्नी लावणे तर धोक्याचेच.

उथळ आणि ठरलेल्या जागी ठेवण्याचा हा विचार जगात इतरत्रही झाला आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराने पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली, तेव्हा मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली त्यांच्यासाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. बायकांची पावले मोजून, कोणत्या कामाला किती फेऱ्या पडतात ते पाहून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे ओढखण, त्यांना एका बाजूला तोंड, म्हणजे खण काढून सरळ पातेल्यात ओतता येई. पिठाचे खण मात्र ओक लाकडाचे केले, कारण त्या लाकडाला किडे फिरकत नाहीत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली.

दहा हजार हा आकडा वाचला की सोलापूरकराला शहराजवळचे कुंभारी आठवते. विडी कामगार महिलांसाठी तिथे गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेचा दीर्घ लढा होता. त्याच परिसरात पुढे रे नगर आले. तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. प्रधानमंत्री आवास योजनेत तेव्हा दुर्बल घटकाच्या घराला चटईक्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटरची होती, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत. ज्यांचे आयुष्य झोपडपट्टीत पावसाच्या पाण्यात पाय ठेवून गेले त्यांच्यासाठी हे हक्काचे पक्के घर फार मोलाचे आहे.

पण विडी कामगाराचे घर हा कारखानाही असतो. बाई कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणते. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात, नाहीतर कापताना तुटतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि पानाच्या मापाचा पत्रा. ओलसर पानांचे गाठोडे, तंबाखूचे पुडके आणि वळलेल्या विड्यांच्या जुड्या, हे तिन्ही त्याच खोलीत असते जिथे भाकरी होते आणि लेकरे झोपतात. तंबाखूची धूळ पिठावर, पाण्यावर, उशीवर बसते. इथे साठवणीचा प्रश्न सोयीच्या पलीकडे जातो, तो सरळ छातीशी येतो. अशा घरात आधी एकच गोष्ट करावी : घट्ट झाकणाचा पत्र्याचा एक डबा फक्त तंबाखूचा, आणि त्याची जागा दाराजवळ किंवा गॅलरीत, स्वयंपाकाच्या कोपऱ्याच्या अगदी उलट टोकाला. सूपही त्याच ठिकाणी खुंटीला. ते पिठाला कधीच घ्यायचे नाही. पाण्याच्या पिंपांना झाकण डासासाठी लागतेच, इथे ते धुळीसाठीही लागते.

आता धान्याकडे परत येऊ. पूर्ण वर्षाची ज्वारी आता भरावी का? माझे मत : ज्वारी आणि गहू भरावेत, बाकी कशाचा वर्षाचा साठा करू नये. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा ती निवडून, चव बघून घेता येते, आणि नीट वाळलेली ज्वारी वर्षभर टिकते. रोज सव्वा किलो लागत असेल तर वर्षाला साडेचार क्विंटल. ऐकायला खूप वाटते. पण एक क्विंटल ज्वारीला पाच घनफुटांच्या आसपास जागा पुरते. म्हणजे वर्षाची भाकरी बावीस-तेवीस घनफुटांत मावली. दोन फूट व्यासाच्या, साडेतीन-चार फूट उंच दोन कोठ्या. डाळी, साखर, साबण, तेल यांची दुकाने आता प्रत्येक गल्लीत आहेत. सवलत मिळते म्हणून सहा महिन्यांचे तेल घरात आणून ठेवणे म्हणजे दुकानदाराचे गोदाम आपल्या घरात फुकट चालवणे आहे. शिवाय आमच्या उन्हात तेल आणि शेंगदाणे लवकर खवट होतात. शेंगदाण्याची चटणी ज्या गावाची ओळख आहे त्या गावाने दाणे पावसाळ्याआधी पोतेभर भरू नयेत; भरायचे तर शेंगाच भराव्यात, टरफलात दाणा जास्त टिकतो.

पत्र्याच्या कोठीत ज्वारी घालताना एक चूक घरोघर होते. दिवसभर उन्हात वाळवलेली ज्वारी संध्याकाळी गरम असतानाच कोठीत ओततात. रात्री पत्रा गार होतो, आतली उष्ण हवा त्याला लागून पाणी धरते, ते वरच्या थरात उतरते आणि तिथूनच बुरशी व सोंडे सुरू होतात. वाळवलेले धान्य रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्यावे आणि सकाळी भरावे. कोठीखाली लाकडी पाट किंवा दोन विटांवर फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकलेला. डाळींना एरंडेल चोळण्याची रीत खरोखर उपयोगी आहे, कारण तेलकट दाण्यावर किड्याची अंडी नीट टिकत नाहीत. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे : धान्यात घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणसालाही मारतो, त्यावर उतारा नाही, आणि झोपायच्या खोलीत कोठी असलेल्या लहान घरांत त्याने कुटुंबेच्या कुटुंबे संपल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

ओलावा काढून टाकला की वस्तू टिकते हे सोलापूरला शिकवायला नको. कडक भाकरी ही त्याच ज्ञानातून आली. पातळ थापलेली, शेकून पूर्ण कोरडी केलेली भाकरी डब्यात आठवडेच्या आठवडे राहते, वजनाला हलकी आणि एकावर एक रचली की एका उभ्या डब्यात ढीगभर मावते. पावसाळी हवेत मात्र डब्याचे झाकण सैल राहिले तर दोन दिवसांत चिवट होते.

राहिला माळा. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि वरच्या मजल्यावर स्लॅबलगतची हवा त्याहूनही तापते. माळ्यावर काय ठेवायचे हे या उष्णतेने ठरवायला हवे. पितळेची भांडी, लोखंडी सामान, कुंड्या, गणपतीचे मखर, चादरी ठेवा. औषधे, तेल, लोणचे, फोटोंचे अल्बम, कॅसेट, रबर-प्लास्टिकची खेळणी ठेवू नका. वर्षातून एकदा लागणारे तिथे, महिन्यातून एकदा लागणारे तिथे मुळीच नाही, कारण स्टूल आणून चढायचा कंटाळा येतो आणि मग खाली तीच वस्तू दुसरी येते. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्याला खालून वाचता येईल अशी मोठ्या अक्षरांची चिठ्ठी असावी, तारखेसकट. दोन वर्षे ज्याची तारीख बदलली नाही ते खोके खाली उतरवून उघडावे.

चादरींबद्दल थोडे सविस्तर, कारण त्या इथल्या प्रत्येक घरात गरजेपेक्षा जास्त असतात. पाहुण्यांसाठी, रुखवतात, आहेरात चादर येतच राहते. सुती कापड हवेतला ओलावा पिते. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुवायची आपली रीत आहे. बरोबर याच वेळी, म्हणजे सप्टेंबरात, सोलापुरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस असतो. वरून कोरडी वाटणारी जाड चादर घडीच्या आत दमट राहते, ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिवाणात जाते आणि थंडीत काढली की कुबट वास येतो. धुणे रीतीप्रमाणे करावे, पण घडी घालून बंद करणे ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत थांबवावे. प्लास्टिकऐवजी जुन्या सुती साडीत किंवा धोतरात बांधावे. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि आतून नऊ इंच खोल दिवाणात अठरा घनफूट जागा असते. चादरी आडव्या थरांनी न रचता गुंडाळी करून उभ्या लावल्या तर एक ओढताना बाकीच्या ढासळत नाहीत, आणि खाली काय आहे हे वरूनच दिसते.

हे सगळे घरातल्या माणसाने करायचे झाले. काही कामे मात्र घर बांधणाऱ्यांनीच करायला हवीत. ज्या शहरात पाणी दिवसांआड येते तिथे घराच्या नकाशात ३६ चौरस फूट पाण्याचे म्हणून दाखवलेले असावेत, स्लॅब त्या जागी त्या भाराची असावी आणि तिथे पाणी वाहून जायला उतार असावा. खोलीच्या एका बाजूला सात फुटांवर दोन फूट रुंद माळा बांधतानाच ओतून घेतला तर खर्च किरकोळ येतो. नंतर तोच लोखंडी चौकट आणि प्लायवूडने करायला गरीब माणसाचा महिन्याचा पगार जातो. ओट्याखाली दोन फूट खोल कडप्प्याऐवजी एक फुटाचा खण आणि त्यामागे पाण्याच्या नळ्या, एवढा बदल तर कागदावर पेन्सिलीने होतो. अजूनही सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्यात हजारो घरे बांधायची आहेत, आणि त्यांचे नकाशे आज कुठल्या तरी कचेरीत टेबलावर आहेत.